भांडी बाजारातला उजेड: एका हौशी फोटोग्राफरचं प्रकरण

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचं वडिलोपार्जित दुकान सांभाळणाऱ्या एका तरुणाबरोबर गेल्या हिवाळ्यात मी जे काम केलं, त्याची ही नोंद. त्याच्या संमतीने लिहिते आहे. नाव आणि दुकानाची खूण मुद्दाम देत नाही. मी या शहरात फोटोग्राफी शिकवते. कॅमेरा चालवता येतो, फोटो नेटके येतात, चारचौघांत कौतुकही होतं आणि तरी काम पुढे सरकत नाही, अशी माणसं माझ्याकडे सारखी येतात. त्यांना वाटतं की आता नवी लेन्स घ्यावी, नाहीतर लडाखला जाऊन यावं. या तरुणाला दुकान सोडून कुठे जाता येत नव्हतं. जे हाताशी आहे त्यातूनच वाट काढावी लागली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

माझं म्हणणं आधीच सांगते. स्वतःला घालून घेतलेलं आव्हान नुसतं अवघड असून भागत नाही. ज्या सवयीच्या आधाराने आपण फोटो काढतो, नेमकी ती सवय त्याने काढून घ्यावी लागते. आणि बहुतेकांची सर्वांत जुनी, सर्वांत न जाणवणारी सवय उजेडाची असते.

तो काय घेऊन आला

त्याच्याकडे जुना, मध्यम आकाराच्या (एपीएस-सी) सेन्सरचा कॅमेरा होता, त्याबरोबर मिळालेली झूम लेन्स आणि एक ५० मिमीची, एफ १.८पर्यंत उघडणारी लेन्स. सोबत निवडक फोटोंचा फोल्डर. रामकुंडावरची पहाट, धुक्यातला नारोशंकराचा घाट, गंगापूर धरणावरचा सूर्यास्त, दिंडोरीकडच्या द्राक्षबागा, २०१५च्या सिंहस्थात विद्यार्थी असताना काढलेले साधूंचे चेहरे. एकही फोटो वाईट नव्हता. क्षितिज सरळ, फोकस नेमका, रंग उबदार. तो म्हणाला, "ताई, सगळे छान म्हणतात. पण दुसऱ्या कुणाच्या अल्बममध्ये ठेवले तर मलाच ओळखू येणार नाहीत."

मी त्याला एकच काम सांगितलं: सगळे फोटो तारखेऐवजी दिवसाच्या वेळेनुसार लाव. प्रत्येक फाइलमध्ये वेळ नोंदलेली असतेच. तासाभरात चित्र समोर आलं. जवळजवळ सगळे फोटो सूर्योदयानंतरच्या नाहीतर सूर्यास्ताआधीच्या तासातले होते. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत काही नाही. म्हणजे ज्या वेळात तो दुकानात असतो, त्या वेळात त्याच्या लेखी जगात उजेडच नव्हता. शिवाय सूर्य बहुतेक वेळा फ्रेमच्या आत किंवा अगदी कडेला. उजेड त्याच्यासाठी चित्राचा विषय होता, चित्र घडवणारी गोष्ट नव्हती.

दुसरी एक गोष्ट त्याने फोल्डरमध्ये ठेवलीच नव्हती, मी विचारल्यावर मोबाइलवर दाखवली. ऑनलाइन विक्रीसाठी काढलेले भांड्यांचे फोटो. घडीच्या पांढऱ्या डब्यात, एलईडीच्या पट्ट्यांखाली, एकामागून एक हंडे, कळशा, समया. त्यांना तो फोटो मानतच नव्हता. "तो धंद्याचा भाग आहे," म्हणाला.

याआधी त्याने एक आव्हान घेऊन पाहिलं होतं. वर्षभर रोज एक फोटो. लग्नसराईत रुखवताच्या भांड्यांची गर्दी सुरू झाली आणि ते सुटलं. सुटण्याआधीचे फोटो मी पाहिले: रात्री दहाला घाईने काढलेला चहाचा कप, चप्पल, पंखा. मी या प्रकाराला नावं ठेवत नाही. ज्याचा कॅमेरा कपाटातून बाहेरच येत नाही, त्याच्यासाठी रोज एक फोटो हा फार चांगला नियम आहे. याचा कॅमेरा मात्र रोज बाहेर येतच होता. किती काढायचे हे नियमाने सांगितलं, काय बघायचं याबद्दल तो गप्प राहिला. म्हणून जुनी नजर तशीच राहिली आणि वर थकवा आला.

कॅमेऱ्याशिवायचे दिवस

दिवाळी उरकल्यावर पहिला नियम ठरला: काही दिवस कॅमेरा बंद, दुकानात बसून फक्त उजेड लिहायचा. त्याने रोजमेळाच्या वहीची मागची पानं त्यासाठी वापरली. पुढे जमा-खर्च, मागे उजेड. नोंदी सुरुवातीला ढोबळ होत्या, "सकाळी अंधूक, दुपारी कडक" अशा. मी प्रत्येक नोंदीपुढे तीन प्रश्न ठेवायला सांगितले: उजेड कुठून येतो आहे, थेट येतो आहे की कशावर आपटून, आणि सावलीची कड धारदार आहे की विरघळलेली.

मग नोंदी बदलल्या. दुकान पूर्वेकडे तोंड करून, समोरची गल्ली अरुंद, दक्षिणोत्तर. सकाळी समोरच्या घरामुळे दुकानात ऊन येतच नाही. ऊन गल्लीत उतरतं ते दुपारी, तेही थोडा वेळ. नंतर सूर्य दुकानाच्या मागे सरकला की समोरची पिवळ्या चुन्याची भिंत उजळते आणि तिचा परतलेला, मऊ, किंचित पिवळसर उजेड थेट ओट्यावर येतो. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट त्याने लहानपणापासून पाहिली होती, पण लिहायला बसेपर्यंत तिची वेळ सांगता आली नसती.

वेळेबद्दल थोडं थांबते, कारण इथेच त्याचा सर्वांत मोठा गैरसमज गळून पडला. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर, असं आपण धरून चालतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नाशिक ७३.८ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे नाशिकची खरी माध्यान्ह सरासरीने बारा पस्तीसला येते. वर्षभरात ती साधारण सव्वाबारा ते बारा पन्नास यांच्या मध्ये मागेपुढे होते. आणि माध्यान्हीला सूर्य डोक्यावर असतो, हेही सगळ्या महिन्यांत खरं नाही. नाशिकचा अक्षांश २० अंश. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दुपारी जास्तीत जास्त ४६ ते ४७ अंशांपर्यंत चढतो. माणसाची सावली त्या वेळी जवळपास त्याच्या उंचीएवढी पडते.

म्हणजे जवळपास ४५ अंश! स्टुडिओत मुख्य दिवा कुठे लावायचा हे शिकवताना आम्ही सगळे पहिल्यांदा हाच कोन सांगतो. "दुपारी फोटो काढू नये" हा सल्ला उन्हाळ्यात बरोबर आहे, जेव्हा डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. मार्गशीर्ष-पौषातल्या नाशिकला तो लावणं म्हणजे चांगला उजेड फुकट घालवणं. आणि जुन्या नाशिकच्या अरुंद, दक्षिणोत्तर गल्ल्यांना तर तो मुळीच लागू नाही. तिथे सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन वरच्या मजल्यांच्या गजांवरच अडतं. फरशीपर्यंत पोचतं ते दुपारचं.

म्हणून पुढचा नियम त्याने स्वतःच लिहिला: संक्रांतीपर्यंत सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीननंतर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. घाटावर जाणं बंद. त्याची सवय इथे प्रत्यक्ष काढून घेतली गेली, आणि त्याला ते जड गेलं. थंडी पडली होती, पहाटे गोदावरीवर धुकं चढत होतं, आणि मित्र रामकुंडावरून फोटो पाठवत होते.

एक तांब्या, एक खिडकी

दुकानाच्या माडीवर माल ठेवायची खोली आहे. तिला मागच्या बाजूला, उत्तरेकडे उघडणारी एकच खिडकी. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असल्याने तिथून थेट ऊन येत नाही, आकाशाचा सपाट, संथ उजेड येतो. चित्रकार उत्तरेची खिडकी पसंत करतात ती यासाठीच.

नियम असा होता. तांब्याचा एकच तांब्या, जागा खुणेने पक्की. ५० मिमी लेन्स. दिवा लावायचा नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने कोणता उजेड पांढरा धरायचा ती सोय, स्वयंचलित न ठेवता दिवसाच्या उजेडावर, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनवर, कायम ठेवायचा, म्हणजे उजेडाचा रंग बदलला तर तो फोटोत दिसेल, कॅमेरा परस्पर पुसून टाकणार नाही. बदलायच्या फक्त दोन गोष्टी: स्वतः कुठे उभं राहायचं, आणि खिडकीच्या उजेडाला वाटेत काय अडवायचं.

वडील एकदा वर येऊन गेले. "अरे, दुकानात एवढा माल आहे आणि तू त्या एकाच तांब्याला धरून बसलायस?" तो बोलला नाही.

चकचकीत धातूचा फोटो हा उजेडाचा सर्वांत कडक धडा आहे, आणि हे फोटोग्राफीच्या वर्गांत फारसं सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. कापड, माती, माणसाची कातडी या गोष्टी आपल्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखरून देतात. घासलेला तांब्या तसं करत नाही. तो आरशाच्या नियमाने वागतो: ज्या कोनात उजेड येतो त्याच कोनात परत फेकतो. म्हणून धातूवर कितीही उजेड टाकला तरी तो उजळत नाही. धातूला जे दिसतं ते उजळावं लागतं. आणि तांब्याचं पोट फुगीर असल्याने त्याला जवळजवळ सगळी खोली दिसते: खिडकी, छत, पोती, आणि मधोमध कॅमेरा धरलेला माणूस.

त्याचा सुरुवातीचा सगळा जोर स्वतःला त्या पोटातून घालवण्यावर होता. खिडकीला पांढरा पंचा बांधून पाहिला, थर्मोकोलचे तुकडे उभे केले, स्वतः काळ्या कापडाआड उभा राहिला. या खटपटीतून दोन गोष्टी त्याच्या हाताला कळल्या, नुसत्या डोक्याला नाही. एक, उजेडाचा स्रोत जितका मोठा आणि जवळ, तितकी धातूवरची चमक रुंद आणि शांत. पंचा खिडकीला लावला की चमकेची पट्टी तांब्याच्या गळ्यापासून बुडापर्यंत उतरते, पंचा काढला की ती आवळून टोचायला लागते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळीकडे पांढरं केलं की धातू मरतो. प्लास्टिकला रंग दिल्यासारखा दिसतो. तांब्या तांब्याचा वाटायला त्यात काळोखही दिसावा लागतो. जुन्या छत्रीचं काळं कापड एका बाजूला धरलं आणि भांड्याला कड आली, वजन आलं.

विक्रीच्या फोटोंची अडचण तिथेच उलगडली. घडीचा पांढरा डबा भांड्याच्या सगळ्या बाजूंनी पांढरं दाखवत होता. त्याने डब्यात दोन काळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. एवढ्याने हंडे हंड्यांसारखे दिसायला लागले. हे या प्रकरणाचं उद्दिष्ट नव्हतं, पण वडिलांचा विरोध त्या दिवसापासून मावळला, आणि घरच्यांचा वेळ मागून चालणाऱ्या छंदाला ते लहान नाही.

मग मठारलेला तांब्या आला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: मठारकाम म्हणजे हातोड्याच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्यावर उठवलेले बारीक खळगे. दिसायला नक्षी, पण ठोक्यांनी पत्राही घट्ट होतो. गुळगुळीत तांब्यात खिडकी एकदा दिसते. मठारलेल्यात ती प्रत्येक ठोक्यात वेगळी दिसते, शेकडो लहान खिडक्या, प्रत्येकीचा कोन किंचित निराळा. हातभर सरकलं तरी सगळी मांडणी बदलते. या भांड्यावर तो सर्वांत जास्त रमला. मी त्याला घाई केली नाही.

याच सुमारास मी त्याला अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनचं एक छायाचित्र दाखवलं. कॅलिफोर्नियात १९३० साली त्याने एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. नरसाळ्याच्या आतल्या धातूने परतवलेल्या उजेडात ती मिरची एखाद्या कोरलेल्या शरीरासारखी भरीव दिसते. वेस्टनने मिरच्यांवर आधीपासून बरंच काम केलं होतं, हे चित्र त्या ओघात आलं. या तरुणाने लगेच नक्कल केली नाही याचा मला आनंद झाला. त्याने काही दिवसांनी तांब्याच्या परातीत नाशिकची हिरवी द्राक्षं ठेवली. परातीतून वर येणारा तांबूस उजेड मण्यांच्या खालच्या अंगाला लागला आणि वरचा अर्धा भाग आकाशाच्या थंड उजेडात राहिला. एका मण्यात दोन ऋतू. तो फोटो अजून त्याच्या निवडीत आहे.

नियम उलटला तेव्हा

एका दुपारी गिऱ्हाइकाला दाखवायला बाहेर काढलेला मोठा हंडा ओट्यावर राहिला होता. एकच्या पुढची वेळ. ओटा सावलीत, समोरची भिंत उन्हात. हंड्याच्या पोटात गल्ली आली होती: वाकलेली भिंत, सायकल, तारा, आभाळाची पट्टी आणि टोपलं घेऊन चाललेली बाई. इतके दिवस प्रतिबिंब पुसण्याची सवय लागल्यामुळे ते त्याला एकदम ठळक दिसलं. ज्याने कधी पुसलंच नव्हतं, त्याला ते दिसलं नसतं असं मला वाटतं.

नवा नियम त्याने त्याच रात्री लिहिला: बाजाराचा फोटो बाजाराकडे न बघता काढायचा. माणसं, दुकानं, सण, भांडणं, सगळं भांड्यातूनच.

पहिले फोटो गमतीचे होते, त्यापलीकडे काही नाही. वाकडे चेहरे, लांब हात. मी ते स्पष्ट सांगितलं. गंमत एकदाच लागते. मग तो पुन्हा उजेडाच्या वहीकडे गेला, आणि तिथे उत्तर होतं. प्रतिबिंब खोल आणि भरलेलं दिसायला भांडं सावलीत आणि गल्ली उन्हात हवी. भांड्यावरच ऊन पडलं की त्याचे ओरखडे, बोटांचे ठसे, धूळ पुढे येतात आणि गल्ली विरते. म्हणजे त्याच्या ओट्यावर योग्य वेळ दुपारी एक ते दोन, तीही ढग नसताना. दुसरी अडचण फोकसची. फुगीर आरशातलं प्रतिबिंब पृष्ठभागावर नसतं, त्याच्या आत काही सेंटिमीटरवर असतं. एफ १.८ला, म्हणजे लेन्सचा झरोका पूर्ण उघडा असताना, भांड्याच्या कातडीवर फोकस केला तर गल्ली धूसर होते, गल्लीवर केला तर मठारकाम धूसर. एफ ८ला, म्हणजे झरोका लहान केला की, दोन्ही मिळतात. त्याने दोन्ही पद्धती वापरल्या, आणि कुठे काय हवं हे ठरवायला लागला. ठरवायला लागला, हा बदल मला फोटोंहून मोठा वाटतो. लेन्स आधी जे देईल ते तो घेत होता.

दगड, लेणी आणि एक फसलेला भाग

धातू उजेड परत देतो, म्हणून उलट टोकाला जाऊन पाहायचं ठरलं: काळा दगड. काळारामाच्या देवळात, परवानगी विचारून, आवारातून फक्त भिंती आणि ओवऱ्या. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो, त्यामुळे काळ्या पाषाणाला तो राखाडी करून टाकतो. एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी केल्यावर दगड काळा झाला, आणि तिरक्या उजेडात छिन्नीचे घाव दिसायला लागले. चांगला सराव, पण त्याचं मन तिथे बसलं नाही.

पांडवलेण्यांचं तर पुरतंच जमलं नाही. त्रिरश्मी डोंगराच्या उत्तर अंगाला ही लेणी आहेत. त्यामुळे हिवाळ्यात दर्शनी भागावर ऊन बहुधा येत नाही, आणि ऊन नसताना आकार कसा उठवायचा हा त्या दिवसाचा प्रश्न होता. फोटो पाहणीच्या अहवालासारखे आले. कारण मला स्पष्ट दिसतं: जागेची ओळख एका भेटीची होती. दुकानातला उजेड त्याला रोजचा होता, इथला पाहुण्यासारखा.

उतरताना पायथ्याच्या फाळके स्मारकाशी बसलो तेव्हा दादासाहेबांची एक गोष्ट मी त्याला सांगितली. त्र्यंबकेश्वरला १८७०मध्ये जन्मलेल्या या माणसाने, १९१२च्या सुमारास, चित्रपटासाठी पैसे उभे करायच्या धडपडीत, कुंडीत मटार लावला आणि समोर कॅमेरा रोवून रोज एक चौकट याप्रमाणे महिन्याहून जास्त काळ त्याची वाढ टिपली. जोडलेली पट्टी मिनिटभराची झाली. ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. एक कुंडी, एक जागा, रोज एक चौकट. त्याने विचारलं, "आणि उजेड रोज सारखा कसा ठेवला असेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण महिन्यापूर्वी त्याला हा प्रश्न पडला नसता.

कारखान्यात

शेवटचा टप्पा माणसांचा. दुकानाला माल देणाऱ्या एका वयस्क तांबट कारागिराच्या कारखान्यात. खोली अंधारी, एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला भट्टी. नियम: समोरून उजेड घ्यायचा नाही, काकांना थांबायला किंवा बघायला सांगायचं नाही, आणि व्हाइट बॅलन्स तोच, ५५०० केल्विन. दाराकडचा उजेड त्यामुळे निळसर आणि भट्टीकडचा गडद नारिंगी राहिला. स्वयंचलित ठेवला असता तर कॅमेऱ्याने दोघांची तडजोड करून खोली मळकट केली असती. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ३२००, शटर एक तीसांश सेकंद. ऐरणीवरचं भांडं स्थिर, हातोडा धूसर. दाणेदारपणा आला, तो राहू दिला.

तिथे जे घडलं ते मला या सगळ्या कामाचा गाभा वाटतं. काका ठोकता ठोकता मध्येच थांबायचे, भांडं दाराकडे न्यायचे आणि हळूहळू फिरवायचे. याने विचारलं, काका, काय बघता? ते म्हणाले, "खोच बघतो. बोटाला लागत नाही अशी खोच उजेडाला लागते. उजेडाची रेघ भांड्यावरून सरळ गेली पाहिजे. अडखळली की तिथे ठोका चुकला."

चमकेची पट्टी, तिची कड, ती कुठे मोडते. माडीवर पंचा आणि छत्रीचं कापड घेऊन तो जे शिकला होता, ते काकांच्या हातात आयुष्यभर होतं, आणि दुकानात माल उतरवून घेताना त्याचे वडीलही भांडं तसंच दाराकडे फिरवून बघतात. उजेड वाचायची परंपरा त्याच्या घरात होती. तो ती सोडून रोज पहाटे घाटावर जात होता.

भांडं दाराकडे धरून डोळे बारीक केलेल्या काकांचा फोटो त्या दिवशी मिळाला. चेहऱ्यावर दाराचा थेट उजेड फार थोडा आहे, बाकी भांड्यावरून उलटून आलेला तांबूस.

काय बदललं, काय नाही

संक्रांतीनंतर त्याने फोटोंची फोर इंटू सिक्सच्या प्रिंटवरूनच निवड केली. मोबाइलच्या उजळ पडद्यावर गडद छटा फसव्या दिसतात. या काळात त्याने समाजमाध्यमांवर एकही फोटो टाकला नाही, हा त्याचा स्वतःचा निर्णय. मला तो योग्य वाटला, कारण नव्या नजरेचे पहिले फोटो बहुधा कच्चे असतात आणि कौतुक जुन्या फोटोंनाच मिळतं. निवडीतले बहुतेक फोटो भांड्यांतल्या गल्लीचे आणि कारखान्याचे आहेत. कुणाचे आहेत हे ओळखू येतं.

मग तो रामकुंडावर परत गेला. या वेळी नियम होता: सूर्य पाठीशी. पहाटेचा सूर्य पंचवटीच्या अंगाने वर येतो, आणि पूर्वी तो त्याच्याकडे तोंड करून उभा असायचा. आता पंचवटीकडे पाठ करून उभा राहिल्यावर समोर ओले सदरे, पायऱ्यांवरचं पाणी आणि स्नान करणाऱ्यांच्या हातांतले तांबे-पितळेचे गडू उजळलेले दिसले. गडूंत काय दिसतं हे त्याला सांगावं लागलं नाही.

हे नियम दुसऱ्या कुणी जसेच्या तसे उचलू नयेत. माझ्याकडे येणारी एक मुलगी सगळी व्यक्तिचित्रं मागची पार्श्वभूमी पूर्ण विरघळवून काढते. तिला तांब्याचा काही उपयोग नाही. तिने एफ ११ लावून महिनाभर माणसांना त्यांच्या घरात, सामानासकट टिपावं, हा तिचा नियम. आधी स्वतःचे फोटो एखाद्या कसोटीवर लावून बघायचे, वेळ, अंतर, उजेडाची दिशा, काहीही. जिथे सगळे फोटो एका कोपऱ्यात गोळा होतात तो कोपरा बंद करायचा. नियम लिहून ठेवायचा, त्याला शेवटची तारीख द्यायची. तारीख नसलेला नियम नकळत सुटतो आणि माणूस स्वतःवरच रागावतो. तारीख असली की तो पुरा होतो, किंवा जाणूनबुजून मोडता येतो. हंड्यातल्या गल्लीचा फोटो नियम मोडूनच आला.

एक काळजी मात्र आहे. फेब्रुवारीत त्याने आणलेले फोटो पाहताना मला पुन्हा एक कोपरा भरताना दिसला. प्रत्येक फ्रेममध्ये काहीतरी चकाकत होतं. गाडीचा आरसा, पाण्याचं डबकं, दुकानाची काच. पूर्वी सूर्योदय होता, आता प्रतिबिंब. मी हे सांगितलं तेव्हा तो जरा नाराज झाला, दोन दिवस फोन आला नाही. नंतर आला तो नवा नियम वाचून दाखवायलाच.

चकाकणारी कोणतीही वस्तू फ्रेममध्ये नको. विषय: गल्लीतल्या सावल्या, घराच्या जोत्यावरून, रोज खऱ्या माध्यान्हीला. मुदत मे अखेरपर्यंत, कारण २० मेच्या आसपास नाशिकमध्ये माध्यान्हीचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली काही क्षण खांबाच्या पायातच मिटते. जानेवारीत खांबाएवढी लांब असलेली सावली तिथपर्यंत कशी आखडत जाते, हे त्याला एकाच जागेवरून टिपायचं आहे. उन्हाळ्याच्या कडक दुपारी, म्हणजे ज्या उजेडाला मी स्वतः वाईट म्हणत आले आहे. मी अडवलं नाही. रोजमेळाच्या मागच्या पानांवर वेळा लिहायला त्याने सुरुवात केली आहे.